वेढे दुप्पट केले, टाचणी एकच वाढली. मुलीचं निरीक्षण खरंच चुकलंय का?

जिज्ञासू_आई

नमस्कार मंडळी. प्रश्न माझ्या मुलीचा आहे, पण दोन दिवस झाले, मलाच स्वस्थ बसू देत नाहीये.

ती आठवीत आहे. विद्युतचुंबकाचा प्रयोग घरी करून निरीक्षणं वहीत लिहून आणायची होती. तिने सहा मिलिमीटर जाडीचा, बोटभर लांब लोखंडी खिळा घेतला. त्यावर एनॅमलची बारीक तांब्याची तार (रिळावर ३६ गेज लिहिलंय) ५० वेढे गुंडाळली, टोकं ब्लेडने खरवडून चकचकीत केली आणि एका नव्या अल्कलाइन पेन्सिल सेलला लावली. खिळ्याने ११ टाचण्या उचलल्या. मग तीच तार पुढे गुंडाळत नेऊन १०० वेढे केले. तिला वाटलं होतं २२ येतील. आल्या १२. पुन्हा केलं, १२. तिसऱ्यांदा ११.

तिने जे दिसलं ते लिहिलं. वहीवर लाल शाईत शेरा आला, ‘निरीक्षण चुकले, पुन्हा करा.’ वर्गात बऱ्याच जणांनी ५० वेढ्यांना १० आणि १०० वेढ्यांना २० असं लिहिलं होतं, त्यांना बरोबरची खूण मिळाली. रात्री माझ्याजवळ येऊन विचारते, ‘आई, मी २२ लिहू का?’

मी नको म्हटलं. पण का नको, ते मला धड सांगता आलं नाही. माझं विज्ञान शाळेतच सुटलं. वेढे वाढवले की चुंबकाची शक्ती वाढते हे मलाही पाठ आहे. मग इथे का वाढली नाही? तार खराब, सेल खराब, की खिळा? ती पुन्हा करायला तयार आहे, रिळावर तार भरपूर आहे.

खिळाखोका

पहिली शंका गुंडाळण्याच्या दिशेची. एक थर संपला की परत फिरताना मुलं हात उलटा चालवतात. तार खिळ्यावर डावीकडून उजवीकडे सरकली काय आणि उजवीकडून डावीकडे आली काय, त्याने बिघडत नाही. बघायचं ते तार खिळ्याभोवती कुठल्या अंगाने फिरते. टोकाकडून पाहिल्यावर पहिले वेढे घड्याळाच्या काट्यासारखे जात असतील तर पुढचेही सगळे तसेच हवेत. अर्धे सुलट, अर्धे उलट पडले की एकाने केलेलं दुसरा पुसून टाकतो.

पण तसं झालं असतं तर १२ टाचण्या आल्या नसत्या, जेमतेम एखादी लटकली असती. त्यामुळे खात्रीने सांगत नाही. दुसरी शंका एनॅमलची: टोकं सगळ्या बाजूंनी खरवडली होती ना?

जिज्ञासू_आई

दोन्ही पाहिलं. एकच थर आहे, सगळे वेढे एकाच अंगाने. ५० वेढ्यांनी सेंटीमीटरभर जागा घेतलीय, १०० वेढ्यांनी दोन. टोकं गोल फिरवून खरवडलीत, तांबं स्वच्छ दिसतंय.

एक गोष्ट मात्र आत्ता वही चाळताना सापडली. कोपऱ्यात पेन्सिलीने तिने बारीक लिहून ठेवलंय, ‘५० ला तार पटकन तापली, बोट काढावं लागलं. १०० ला एवढी नाही.’ याचा काही संबंध असेल का?

वाइंडिंगवाला

ताई, उत्तर त्या कोपऱ्यातल्या ओळीतच आहे. तुमच्या लेकीने ते शोधून ठेवलंय, फक्त ते उत्तर आहे हे तिला कुणी सांगितलं नाही. आधी एवढं तिला सांगा, मग पुढचं वाचा.

मी सत्तावीस वर्षं मोटारी, रिले (विजेच्या चुंबकाने चालणारं बटण), सोलेनॉइड (धारा गेली की आतला लोखंडी दांडा ओढणारी कॉइल) यांच्या कॉइल गुंडाळतो. शिकाऊ होतो तेव्हा २४ व्होल्टवर चालणारा एक डीसी सोलेनॉइड माझ्याकडे आला, कॉइल जळालेली. मला वाटलं, चार थर जास्त भरून देऊ, चांगला जोर येईल. गेज तेच ठेवलं. जोडून पाहिलं तर आतला दांडा पहिल्यापेक्षाही मरगळून सरकला. उस्तादांनी कॉइलला हात लावला आणि विचारलं, ‘गार का आहे?’ त्या दिवशी मला जे कळलं तेच तुम्हाला सांगतो.

खिळ्याला नुसत्या वेढ्यांशी देणंघेणं नसतं. त्याला कळतो तो गुणाकार: तारेतून किती अँपिअर धारा जाते, गुणिले ती किती वेळा भोवती फिरते. आम्ही त्याला अँपिअर-टर्न म्हणतो. एक अँपिअर शंभर वेळा फिरला काय आणि दोन अँपिअर पन्नास वेळा फिरले काय, त्याच खिळ्याला ते जवळपास सारखंच.

आता धारा किती जायची हे कोण ठरवतं? सेल १.५ व्होल्टचा, तो बदलला नाही. पण वेढे दुप्पट म्हणजे तार दुप्पट लांब, म्हणजे रोधही, धारेला होणारा अडथळा, दुप्पट. एका हाताने वेढे वाढवले आणि दुसऱ्या हाताने धारा कमी केली. टाचण्या वाढणार कशा?

आकडे मांडून बघू, म्हणजे तिच्या ११ आणि १२ ला अर्थ येईल. ३६ गेजची तार साधारण ०.१९ मिलिमीटर जाडीची, तिच्या एका मीटरचा रोध ०.६ ओहमच्या आसपास. सहा मिलिमीटरच्या खिळ्यावर एका वेढ्याला दोन सेंटीमीटर तार लागते, म्हणजे ५० वेढ्यांना एक मीटर आणि १०० ला दोन. टोकांची लांबी सोडून देऊ. सेलच्या पोटातही थोडा रोध असतो, तो ०.२ ओहम धरू.

५० वेढे: एकूण रोध ०.८ ओहम, धारा सुमारे १.९ अँपिअर, गुणाकार ९४.

१०० वेढे: एकूण रोध १.४ ओहम, धारा सुमारे १.०७ अँपिअर, गुणाकार १०७.

९४ चे १०७. आणि तुमच्याकडे ११ च्या १२. मी तिच्या वहीवर बरोबरची खूण केली असती, आणि तिने तिसऱ्या वेळचे ११ लपवले नाहीत म्हणून आणखी एक.

२०० वेढ्यांचंही तिला करायला सांगा. धारा ०.५८ वर येते, गुणाकार ११५. पुढे तर आणखी गंमत आहे. या तारेच्या दर वेढ्याचा रोध ०.०१२ ओहम. १.५ ला ०.०१२ ने भागा, १२५ येतात. ही तार, हा खिळा आणि हा एक सेल असेल तर हजार वेढे घाला, गुणाकार १२५ च्या पलीकडे जाणार नाही. उलट थरावर थर चढले की वरच्या वेढ्याचा घेर मोठा होतो, प्रत्येक वेढा जास्त तार खातो, आणि आकडा खाली यायला लागतो. माझ्या सोलेनॉइडला हेच झालं होतं.

आता तापण्याचं. तार तापते ती धारेच्या वर्गाच्या प्रमाणात. ५० वेढ्यांत दोन वॉटच्या वर उष्णता एका सेंटीमीटरात कोंडली जात होती. १०० वेढ्यांत १.४ वॉटच्या आसपास, तीही दोन सेंटीमीटरांत पसरलेली. बोटाला फरक लागणारच. तिच्याजवळ धारा मोजायचं यंत्र नव्हतं, पण बोटाने तिने धारा कमी झाल्याचं ओळखलं. शिवाय तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो, दर अंश सेल्सिअसला साधारण ०.४ टक्के. म्हणून टाचण्या मोजायच्या त्या जोडल्या जोडल्या, तार तापायच्या आत.

मग पुस्तक खोटं का? खोटं नाही, अर्धं आहे. वेढे वाढवले की शक्ती वाढते, *धारा तेवढीच ठेवली तर*. हे शेवटचे चार शब्द गळले की सगळा घोळ होतो. धंद्यात तर याशिवाय चालतच नाही. छोटा रिले १२ व्होल्टचाही मिळतो आणि २४ चाही, आतली पट्टी तीच, ओढायचा जोर तोच. एका नेहमीच्या प्रकारात १२ व्होल्टच्या कॉइलचा रोध ४०० ओहम असतो, २४ च्या कॉइलचा १६००. पहिल्यातून ३० मिलिअँपिअर जातात, दुसऱ्यातून १५. दुसऱ्यात वेढे दुप्पट आणि तारेच्या छेदाचं क्षेत्रफळ निम्मं, म्हणून रोध चौपट. अँपिअर-टर्न दोन्हीकडे सारखेच. डबीत जागाही तेवढीच लागते.

आता तिला खरा प्रयोग देतो, यंत्राशिवाय होणारा. दोन सारखे खिळे घ्या. एकावर ५० वेढे, दुसऱ्यावर १००. दोन्ही कॉइल एकसर जोडा, म्हणजे पहिलीचं शेवटचं टोक दुसरीच्या पहिल्या टोकाला पिळून, आणि राहिलेली दोन टोकं सेलला. आता एकच धारा दोघांतून जाते. तिला दुसरा रस्ताच नाही. किती अँपिअर आहे हे माहीत नसलं तरी दोन्हींत सारखी आहे याची हमी आहे. खिळे एकमेकांपासून वीतभर लांब ठेवा. धारा पाऊण अँपिअरवर येईल, म्हणून दोन्हीकडे टाचण्या आधीपेक्षा कमी दिसतील, त्याने घाबरू नका. बघायचा तो दोघांमधला फरक.

फळा_खडू

मी विज्ञान शिकवते. वर जे लिहिलंय ते मी आज माझ्या टिपणांत उतरवून घेतलं. ‘धारा तेवढीच ठेवली तर’ हे मी फळ्यावर दरवेळी लिहिलंय असं मला छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. ज्या मुलांनी १० आणि २० लिहिलं त्यांनी आम्हाला हवं ते दिलं, ही गोष्ट मनाला लागते. ताई, मुलीला २२ लिहू दिलं नाहीत, फार बरं केलंत.

प्रयोगाबद्दल थोडं. टाचण्या हे ओबडधोबड माप आहे. अँपिअर-टर्न दुप्पट झाले की ओढ बरोबर दुप्पटच होते असं नाही. खिळा पार भरून गेलेला नसेल तर लोखंडाची ओढ साधारण चुंबकीय क्षेत्राच्या वर्गाप्रमाणे वाढते, त्यामुळे ती दुपटीपेक्षा जास्तही होईल. आणि लोखंडालाही मर्यादा आहेच, २ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) आसपास ते संपृक्त होतं, पुढे धारा वाढवून फारसं हाती लागत नाही. एका सेलवरचा खिळा तिथपासून खूप दूर असतो, ती काळजी इथे नको.

जास्त त्रास देतो तो खिळ्यात मागे उरलेला चुंबकपणा. खिळे सहसा पोलादाचे असतात, मृदू लोखंडाचे नसतात. सेल काढला तरी एखाद-दोन टाचण्या चिकटून राहतात. दर वेळी सुरू करण्याआधी सेल न जोडता खिळा टाचण्यांत बुडवून पाहा आणि किती चिकटल्या ते वेगळं लिहा. टाचण्याही चुंबक होऊन बसतात, तेव्हा प्रत्येक फेरीला डबीतल्या नव्या घ्या. खिळा टाचण्यांच्या ढिगात दर वेळी सारखाच खोल बुडवा. सेल पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त जोडून ठेवू नका, आणि हे सगळं फक्त सुट्या सेलवर. भिंतीतल्या प्लगजवळ ही तार कधीही नेऊ नये.

आता मुलीसाठी एक गोष्ट, कारण तिच्या आधी हे ज्याला दिसलं तो मोठा माणूस होता. १८२० मध्ये ओर्स्टेडने दाखवलं की तारेतून धारा गेली की जवळची चुंबकसूची हलते. १८२५ मध्ये विल्यम स्टर्जनने लोखंडी नालाला वॉर्निश लावून त्यावर उघड्या तारेचे १८ वेढे घातले. २०० ग्रॅमच्या त्या नालाने चार किलो वजन उचललं. तार उघडी असल्यामुळे वेढे एकमेकांना चिकटवता येत नव्हते. अमेरिकेत जोसेफ हेन्री नावाच्या शिक्षकाने तारेलाच रेशीम गुंडाळलं आणि वेढे शेजारी शेजारी, थरावर थर घातले. तिथे तो तुमच्या मुलीच्या जागी येऊन उभा राहिला. एकाच विद्युतघटावर एकच लांब तार गुंडाळत नेली तर हवी तशी वाढ मिळेना.

त्याने तार वाढवणं सोडलं. नालावर ६० फुटांच्या नऊ सुट्या तारा वेगवेगळ्या गुंडाळल्या आणि त्यांची टोकं समांतर जोडून पाहिली. लोखंड तेच, तारा त्याच, पण दोन तारा एकामागे एक जोडण्यापेक्षा समांतर जोडल्या की उचललेलं वजन कितीतरी जास्त. याच रीतीने १८३१ मध्ये येल कॉलेजसाठी केलेल्या त्याच्या चुंबकाने ९०० किलोहून जास्त वजन पेललं.

हे घरी होण्यासारखं आहे. १०० वेढ्यांची तार मधोमध कापा, म्हणजे एकाच खिळ्यावर ५० आणि ५० अशा दोन कॉइल होतील. चारही टोकं खरवडा. दोन्हींची *सुरुवातीची* टोकं एकत्र सेलच्या एका बाजूला, *शेवटची* दुसऱ्या बाजूला. वाइंडिंगवाले काकांच्या हिशेबाने दोन्ही मिळून रोध ०.३, सेलचा ०.२, धारा ३ अँपिअर, प्रत्येकीत दीड. दीड गुणिले १०० म्हणजे १५०. एकाच लांब तारेत हेच वेढे १०७ देत होते. १२५ ची मर्यादाही ओलांडली, एक वेढासुद्धा न वाढवता.

वाइंडिंगवाला

बाई, हे मी रोज हाताने करतो, पण हेन्रीचं माहीत नव्हतं. मोटारीत आम्ही याला पॅरलल सर्किट काढणं म्हणतो. समांतर जोडताना सेलवर ताण फार येतो, तीन अँपिअर हे पेन्सिल सेलला जड आहे. दोन-तीन सेकंदांत टाचण्या मोजा आणि सोडा.

जिज्ञासू_आई

काल रात्री जेवणं उरकल्यावर आम्ही दोघी बसलो. लिहायला उशीर झाला कारण तिला प्रत्येक फेरी तीनदाच करायची होती.

एकसर: ५० वेढ्यांच्या खिळ्याला ३, ३, ३ टाचण्या. १०० च्या खिळ्याला ८, ९, ८. जोडलेल्या टोकावर बोट ठेवून ती कितीतरी वेळ बघत होती. म्हणाली, ‘दोघांतून तेवढंच जातंय ना? मग आता वेढ्यांचंच काम दिसतंय.’ हे वाक्य तिचंच आहे, मी शिकवलेलं नाही.

सेल न जोडता एका खिळ्याला एक टाचणी चिकटत होती, दुसऱ्याला एकही नाही. ते वेगळं लिहिलंय.

मग तार कापली. कापताना तिचा जीव वर-खाली होत होता, मेहनतीने गुंडाळलेली ना. पहिल्यांदा जोडलं आणि फक्त एक टाचणी. ती एवढीशी झाली. मी इथलं सगळं पुन्हा वाचायला घेतलं, तेवढ्यात तिनेच तारांवर बोट फिरवत माग काढला आणि ओरडली, ‘एक सुरुवात, एक शेवट एकत्र आलंय!’ खिळाखोका यांनी पहिल्याच उत्तरात सांगितलेलं, उलट-सुलट पुसून टाकतं, ते असं समोर आलं. एका कॉइलची टोकं बदलली. १७ टाचण्या. पुन्हा १७. तिसऱ्यांदा १६, तोवर तार चांगलीच तापली होती.

तिने जुनं पान फाडलं नाही. लाल शेऱ्याखाली तारीख घालून दोन नवे तक्ते केलेत, आणि ११, १२, १२, ११ तसेच ठेवून त्यांच्यापुढे लिहिलंय, ‘येथे धारा कमी झाली होती.’ समांतरवाली एक टाचणीही लिहिलीय, कारणासकट. वही सोमवारी द्यायची आहे.

काका, तिचा पुढचा प्रश्न: दोन सेल एकामागे एक लावले तर १२५ ची मर्यादा २५० होईल, पण सेलच्या पोटातला रोधही ०.४ होईल, मग १०० वेढ्यांचा आकडा दुप्पट येईल की कमी?

वाइंडिंगवाला

कमी येईल, आणि तिने विचारतानाच कारण सांगून टाकलंय. एका लांब तारेच्या १०० वेढ्यांसाठी ३ व्होल्ट भागिले १.६ ओहम, सुमारे १.९ अँपिअर, गुणाकार १८८ च्या आसपास. दुप्पट झाली असती तर २१४ झाले असते. तिला म्हणावं हिशेब आधी वहीत लिही, मग सेल जोड. आणि बोट लवकर काढ.